गिरणीतले दोस्त

डॉक्टरांनी बारीक आरशाचा दांडा उलटा धरला आणि माझ्या हिरडीत नव्या दातांसाठी बसवलेल्या स्क्रूवर हळूच ठोकलं. ठप. मग शेजारच्या स्क्रूवर ठोकलं. तोही ठप. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मला निकाल कळला होता. पन्नास वर्षं नेय, म्हणजे आमची बोरूची बासरी, वाजवलेल्या माणसाला कुठला आवाज भरीव आणि कुठला फुसका, हे कुणी सांगावं लागत नाही.

"हशमत आगा," डॉक्टर बहरंग मेहराबी मास्क खाली ओढत म्हणाले, "हाडाने धरलं नाही. दोन्ही काढावे लागतील."

"ऐकलं मी," मी म्हणालो. ओठ बधिर होते, त्यामुळे शब्द लाळेसकट बाहेर आला. त्यांच्या मदतनीस खानम ताहिरी यांनी माझ्या हनुवटीखाली कागद धरला.

डॉक्टरांनी टेबलावरचा रक्ताच्या तपासणीचा कागद उचलला. "तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी नऊ पूर्णांक चार! स्क्रू बसवले तेव्हा सातच्या आत होती. अहो, स्क्रू मी बसवतो, पण त्याला धरायचं काम तुमच्या हाडाचं. त्याच्याभोवती नवं हाड तयार व्हावं लागतं, कणाकणाने, चार-पाच महिने. रक्तात साखर चढली की हाड बांधणाऱ्या पेशी कामचुकारपणा करतात. बारीक रक्तवाहिन्या कोंदतात, सूज उतरत नाही. मग स्क्रू नुसता मांसात उभा राहतो. तुम्ही खाता तरी काय?"

"घरात साखरेचा खडा नाही, डॉक्टर. पूलकीची चकती नाही, गझची वडी नाही. चहा कोरा, तोही कडू. माझ्या स्वयंपाकघरात मुंग्यासुद्धा फिरकत नाहीत."

"मग तुमच्या हाडाला साखर घालतंय कोण? शेजारी?"

"कुराणावर हात ठेवून सांगतो," मी म्हणालो, आणि खरंच ठेवला असता. मी खोटं बोलत नव्हतो, निदान मला तरी तसंच वाटत होतं.

त्यांनी दोन्ही स्क्रू काढले. ते सहज निघाले, ओल्या मातीतून खुंटी निघते तसे. मी ते मागून घेतले, रुमालात बांधले आणि बसने घरी आलो. चहा केला. समोरच्या खुर्चीवर कुणी नव्हतं, म्हणून रुमाल तिथे ठेवला.

आता हे दात माझ्यासाठी एवढे का महत्त्वाचे, ते सांगतो. आमच्याकडे नेय ओठांवर धरत नाहीत, दातांत धरतात. वरच्या पुढच्या दोन दातांच्या फटीत तिचं तोंड अडकवायचं, ओठाने झाकायचं आणि जिभेने वारा वळवायचा. इस्फहानची ही रीत आहे. बाकीचे लोक बाटलीवर फुंकर मारल्यासारखी वाजवतात, त्यांना वाजवू दे. मी कापसाच्या गिरणीत सूत कातायच्या यंत्रावर बत्तीस वर्षं काढली. त्या खडखडाटातून घरी आल्यावर नेय वाजवली की कान जागेवर यायचे. तूबा, माझी बायको, भाजी निवडता निवडता म्हणायची, "तोच खालचा सूर परत घ्या, मला तो कळतो." तिला बाकी संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती गेली त्याला चौदा वर्षं झाली. मुलगी फरजाने स्वीडनमध्ये असते, शुक्रवारी फोन करते, तिची मुलं पडद्यावरून हात हलवतात आणि पळून जातात.

तूबा गेल्यावर मी शुक्रवारी दुपारी खाजू पुलाखाली जाऊन बसू लागलो. पुलाच्या कमानींत आवाज घुमतो, म्हणून गावातले हौशी गवई तिथे जमतात. रजब नावाचा एक जाडा सुतार होता. त्याचा आवाज असा की नदी कोरडी असली तरी पाणी वाहतंय असं वाटायचं. तो गायचा, मी साथ करायचो. मग माणसांचा वेढा पडायचा. कुणी थर्मास पुढे करायचं, कुणी सरकून जागा द्यायचं, कुणी नाव विचारायचं. हातात नेय असली की माणसं जवळ बसतात. नेय नसली की दगडावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे कोण बघतं!

मग साखरेने हिरड्या खाल्ल्या आणि पुढचे दोन दात हलायला लागले. एक संगक रोटीत राहिला, दुसरा आठवड्याभराने चूळ भरताना बेसिनमध्ये गेला. मी काढायची-घालायची कवळी करून घेतली. पहिल्याच शुक्रवारी, रजबची तान ऐन भरात असताना, नेयच्या दाबाने कवळी सुटली आणि थेट समोर बसलेल्या पोरींच्या चादरीवर पडली. लोक हसले. रजबसुद्धा हसला, पोट धरून हसला, आणि मग म्हणाला, "उस्ताद, आज दात स्वतःच गायला उतरले!" मी नेय पिशवीत घातली आणि निघालो. परत तिकडे फिरकलो नाही.

रजब एकदा घरी आला होता. दार वाजवलं, हाका मारल्या, "हशमत! अरे चिडक्या म्हाताऱ्या, उघड!" मी आत उभा होतो, तोंडावर हात ठेवून. दार उघडलं नाही. तो थोडा वेळ थांबला, मग खोकत जिना उतरला. त्याला तीन वर्षं झाली. एवढं काय लागलं होतं मला, आज विचारलं तर सांगता येणार नाही.

त्यानंतरची गोष्ट म्हणजे हलवा.

आमच्या गल्लीत भिंतीवर, दुकानांच्या शटरवर, झाडांवर निधनाची पत्रकं चिकटवतात. वर फोटो, खाली कोण गेलं, आणि कुठल्या मशिदीत कधी बसायचं. एक दिवस गिरणीतल्या एका ओळखीच्या माणसाचं पत्रक दिसलं म्हणून मी गेलो. दारात त्याच्या मुलांनी मला मिठी मारली. आत गालिच्यावर जागा दिली, चहा आला. शेजारचा माणूस म्हणाला, "अल्ला त्यांच्यावर रहम करो," मी म्हणालो, "तुम्हाला आयुष्य देवो." मग आम्ही मृताबद्दल बोललो, गुडघ्यांबद्दल बोललो, नदीला पाणी कधी सोडणार यावर भांडलोसुद्धा. तासाभराने घरी आलो तेव्हा माझा घसा दुखत होता, इतक्या दिवसांत मी इतकं बोललो नव्हतो.

पुढच्या आठवड्यात एका अनोळखी माणसाचं पत्रक वाचलं आणि पाय आपोआप वळले.

अशा बैठकीत तुम्हाला "तुम्ही कोण" असं कुणी विचारत नाही. मृताकडच्यांना वाटतं हा सुनेकडचा, सुनेकडच्यांना वाटतं हा मृताकडचा. फार तर एखादा चौकस म्हातारा विचारतो, "तुमची ओळख कशी?" त्याचं उत्तर मी ठरवून ठेवलं होतं: "गिरणीत एकत्र होतो." त्या गिरणीत एके काळी हजारो माणसं होती, कोण तपासायला जाणार! आणि मग तिसरा दिवस, सातवा दिवस, चाळिसावा, बरसी. मरणाऱ्यांची या गावात कधी टंचाई पडली नाही. आठवड्यातल्या चार-पाच दुपारी माझ्या अशा भरल्या.

तिथे काय देतात, ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अक्रोड भरलेले खजूर. तुपात भाजलेल्या पिठाचा, केशर-गुलाबपाण्याचा हलवा, वर चमच्याने काढलेली नक्षी. मृताच्या नावाने वाटलेलं ते. ते घ्यायचं, फातिहा म्हणायची, खायचं. नाही म्हणणं म्हणजे मेलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावणं. हे खाणं मी खाण्यात धरतच नव्हतो. दुसऱ्याच्या आत्म्याला पोचणारा घास माझ्या रक्तात कशाला राहील? हसा, हसायचं तर. बहात्तर वर्षांच्या माणसाने असा हिशेब करावा याची मला आज लाज वाटते, पण तेव्हा माझा त्यावर गाढ विश्वास होता. आणि खरं सांगायचं तर तबक घेऊन येणारा माणूस वाकून माझ्या डोळ्यांत बघायचा आणि "घ्या ना, आगा" म्हणायचा. तेवढ्यासाठी मी दोनदा घ्यायचो.

स्क्रू काढल्यावर तीन आठवड्यांनी चिनाराच्या मशिदीजवळच्या भिंतीवर नवं पत्रक लागलं. अब्बासकुली मेहराबी, निवृत्त गणितशिक्षक. खाली शोकाकुल म्हणून पहिलं नाव डॉक्टर बहरंग. मी घरी जाऊन दाढी केली, काळा कोट झटकला. खूप दिवसांनी मी खऱ्या ओळखीच्या माणसाकडे जात होतो. तोंडातली फट दिसू नये म्हणून मिशी खाली विंचरली.

डॉक्टर दारातच उभे होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. दवाखान्यात हा माणूस केवढा उंच वाटायचा, इथे खांदे पाडून उभा होता. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "अल्ला त्यांच्यावर रहम करो, डॉक्टर."

"तुम्ही आलात, हशमत आगा," ते म्हणाले. "फार बरं वाटलं. बसा, बसा."

मी माझ्या नेहमीच्या जागी, खांबाला टेकून बसलो. नेहमीच्या म्हणतोय, कारण त्या मशिदीत ती माझीच जागा होती. तेवढ्यात तबक घेऊन सैफुल्ला आला. तो मशिदीच्या बैठकांना चहापाणी बघतो, माझ्यापेक्षा जास्त मयतांना तोच हजर असेल.

"या आगा, तुमचीच वाट बघत होतो," तो मोठ्याने म्हणाला. त्याला हळू बोलता येत नाही. "कडेचा तुकडा राखून ठेवलाय, तुपाचा. परवा त्या इंजिनियरच्या सातव्याला तुम्हाला मिळाला नव्हता ना? आज दोन घ्या. आणि उद्या येताय ना? उद्या बेकरीवाल्याच्या आईचा चाळिसावा."

मी तुकडा घेतला. काय करणार! शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, मृताचे मेहुणे. त्यांनी आपुलकीने विचारलं, "आगा, आमच्या अब्बासकुलींची आणि तुमची ओळख कशी?"

माझ्याकडे खरं उत्तर होतं. त्यांचा मुलगा माझे दात बघतो, एवढंच म्हणायचं होतं. पण जिभेला वळण पडलं होतं.

"गिरणीत एकत्र होतो," मी म्हणालो. "सूतखात्यात. फार मेहनती माणूस. यंत्राचा पट्टा त्यांच्यासारखा कुणाला जोडता यायचा नाही."

मेहुण्यांच्या भुवया वर गेल्या. मी मान वळवली. डॉक्टर माझ्या मागे उभे होते, हातात चहाचा पेला, मलाच द्यायला आणलेला. पेल्याच्या बशीत दोन साखरेचे खडे होते. ते एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा माझ्या हातातल्या हलव्याकडे.

"बाबांना आयुष्यात सायकलची साखळीसुद्धा बसवता आली नाही," ते म्हणाले.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. हलवा तोंडात होता, तो तसाच गिळला. मी उठायला लागलो, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि स्वतः शेजारी मांडी घातली. बैठकीच्या यजमानाने असं बसायचं नसतं, दारात पाहुणे ताटकळत होते.

"आठवड्यातून किती?" त्यांनी हळू विचारलं.

"चार. कधी पाच."

"ओळखीचे?"

"एखादा."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी कुणी मरत नाही," मी म्हणालो.

त्यांनी हसू दाबलं, मग चेहरा दोन्ही हातांनी झाकला. ते हसत होते की रडत होते, मला कळलं नाही, बहुधा त्यांनाही नाही. मग डोळे पुसून त्यांनी माझ्या हातातला उरलेला हलवा काढून घेतला आणि खाऊन टाकला. "पुढच्या मंगळवारी दवाखान्यात या," म्हणाले आणि उठून दारात गेले.

मंगळवारी ते परत उंच झाले होते. "मी अजून एकदा प्रयत्न करीन," त्यांनी बोट दाखवून बजावलं. "एकदाच. तिसऱ्यांदा स्क्रू बसवायला हाड उरणार नाही. आधी तीन महिने साखर खाली आणा. मग स्क्रू. मग पाच महिने हाडाची वाट बघायची. तोवर नेयला दात लावायचा नाही, आणि एकाही बैठकीत तबकाला हात लावायचा नाही."

"मेलेल्याच्या नावाचं नाकारायचं?"

"मेलेल्यांना साखरेचा त्रास होत नाही, हशमत आगा. तुम्हाला होतो. आणि रोज सकाळी बोटातून रक्त काढून साखर बघायची आणि आकडा खानम ताहिरींना फोनवर सांगायचा. रोज म्हणजे रोज."

तर असे माझे नऊ महिने सुरू झाले. तबक नाकारायची हिंमत माझ्यात नव्हती, म्हणून मी जाणंच बंद केलं. पत्रकं दिसू नयेत म्हणून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालायचो. तिकडेही होतीच. माणसं आपली मरत होती, दुपारी चार ते सहा बसत होती, आणि मी घरात घड्याळासमोर. टीव्ही लावायचो, बंद करायचो. एकदा चुकून नंबर लागला म्हणून कुणाचा तरी फोन आला, मी त्या बाईला पाच मिनिटं धरून ठेवलं.

नेय कपाटावर होती. तिच्या तोंडाशी पितळेची कडी असते, ती मी दर शनिवारी पुसायचो.

सकाळी आठला खानम ताहिरींना फोन. "एकशे त्रेपन्न," मी सांगायचो. "लिहिलं," त्या म्हणायच्या, आणि झालं. दिवसाचं सगळं बोलणं एवढ्यात संपायचं. मग मी युक्त्या करायला लागलो. "एकशे... थांबा हं, चष्मा लावतो." "एकशे एकोणचाळीस. की एकोणतीस? तुम्हाला काय वाटतं?" त्या बाई हुशार, दोनच दिवसांत ओळखलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "हशमत आगा, काल जेवलात काय?" मी वांगं सांगितलं. त्यांनी वांग्याला लसूण किती घातला ते विचारलं. त्या दिवशी मी फोन ठेवला आणि उगाच घरभर फिरलो.

आकडा उतरत गेला. तीन महिन्यांनी सरासरी सहा पूर्णांक आठ आली. डॉक्टरांनी दोन नवे स्क्रू बसवले आणि हिरडी शिवून टाकली. पुन्हा वाट. या वेळी मी रात्री झोपताना जिभेने ती जागा चाचपायचो आणि हाडाशी बोलायचो. वेडा नव्हतो, दुसरं कुणी नव्हतं.

स्क्रू बसवून तीन महिने झाले आणि दूधवाल्याच्या शटरवर मला रजब दिसला. फोटोत तो हसत होता, तसाच, पोट धरायच्या बेतात.

रस्त्याच्या मधोमध उभा राहून मी ते पत्रक चार वेळा वाचलं. गाडीवाले शिव्या देत होते. छातीचा आजार, असं कुणीतरी मागून म्हणालं. मला त्याचं जिन्यावरचं खोकणं आठवलं. तो तेव्हाच आजारी असणार, आणि तसाच तीन मजले चढून आला होता, आणि मी हात तोंडावर ठेवून दाराआड उभा होतो.

मी गेलो. न जाऊन कुठे तोंड दाखवलं असतं! मशीद गच्च भरली होती, पुलाखालचे सगळे गवई होते. मी मागे बसलो. मला कुणी ओळखलं नाही. तीन वर्षांत मी वाळलो होतो, आणि तोंड मिटलेलंच होतं. या एका माणसाबद्दल माझ्याकडे खरं सांगण्यासारखं खूप होतं. शेजारच्याने विचारावं म्हणून मी दोनदा खाकरलो. विचारेल, तुमची ओळख कशी, आणि मी सांगेन, अकरा वर्षं त्याच्या प्रत्येक तानेमागे मी होतो. त्याने विचारलं नाही. इतक्या मयतांत खोटं सांगायला विचारणारा एखादा तरी भेटायचा, आणि आज कुणी नाही.

रजबचा मुलगा स्वतः तबक घेऊन फिरत होता. बापासारखाच जाडा. माझ्यासमोर वाकला. "घ्या, आगा. बाबांच्या नावाचं."

"नको, बाळा."

त्याचा चेहरा उतरला. "एक खजूर तरी. बाबांना वाईट वाटेल."

मी खजूर घेतला. मुठीत धरला आणि फातिहा म्हटली, मग परत म्हटली, मग कितीदा म्हटली आठवत नाही. खजूर मुठीत मऊ होऊन चिकटला. तोंडात टाकला असता तर एका खजुराने माझं काही बिघडलं नसतं, हे मलाही ठाऊक होतं. पण एकाने माझं कधीच भागलं नव्हतं. मूठ मिटूनच मी घरी चालत आलो आणि खजूर कपाटावर, नेयशेजारी ठेवला. "तू नंतर," मी त्याला म्हणालो. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडलो, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा एकशे अठरा होता. "लिहिलं," खानम ताहिरी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आवाज बसलाय तुमचा. काय झालं?" मी रजबबद्दल सांगितलं. पाऊण तास सांगितलं. मागे डॉक्टर कुणाला तरी चूळ भरायला सांगत होते ते ऐकू येत होतं, पण बाईंनी फोन ठेवला नाही.

आणखी दोन महिन्यांनी डॉक्टरांनी हिरडी उघडली. आरशाचा दांडा उलटा धरला. मी डोळे मिटले.

उजवा: ठप.

मला वाटलं, संपलं. आठ-नऊ महिने मी कुणासाठी उपाशी बसलो होतो?

डावा: टण.

बारीक, पण स्वच्छ. जुन्या गिरणीत सूत कातायची चाती नीट बसली की असा आवाज यायचा. डॉक्टरांनी परत मारलं. टण.

"ऐकलंत?" ते म्हणाले.

"पुन्हा मारा," मी म्हणालो. त्यांनी पुन्हा मारलं. खानम ताहिरी माझा हात धरून उभ्या होत्या हे मला त्यानंतर कळलं.

उजवा काढावाच लागला. डाव्यावर, त्या एका खांबावर, त्यांनी दोन दात जोडून बसवले. "जोर बेताने," म्हणाले. "हे हाड तुमच्यासारखंच आहे, मोठ्या मुश्किलीने धरलंय त्याने." घरी येऊन मी नेय उतरवली. पहिल्या दिवशी नुसता वारा निघाला. चौथ्या दिवशी खालचा सूर लागला, तूबाला कळायचा तो. बाजूने थोडी हवा गळते, आता गळतच राहणार. मी तो एकच सूर संध्याकाळपर्यंत लावला. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली नाही. दादही दिली नाही.

डॉक्टरांच्या वडिलांच्या बरसीला त्यांनी मला कबरीवर वाजवायला बोलावलं. गुरुवारची दुपार, बाग-ए-रिजवानच्या कब्रस्तानात वारा सुटलेला. त्यांचे नातेवाईक वीसेक असतील. मी कबरीच्या उशाशी बसलो, नेय दातांत धरली आणि वाजवली. पहिले दोन सूर गळले. मग जमलं. रजब असता तर जिथे आत शिरला असता ती जागा आली, तिथे मी थांबलो, तेवढा वेळ त्याचा. मग पुढे गेलो. संपवल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कबरीवर वाजवत नाहीत. बायका ओढणीने डोळे पुसत होत्या.

मग तबक निघालं. डॉक्टरांची एक भाची प्रत्येकासमोर धरत येत होती, हलवा, वर नक्षी. मी बसल्या बसल्या नाही म्हणायचं मनात घोकत होतो, पण शब्द जुळेनात. ती माझ्यासमोर आली, वाकली.

"त्यांना नको," डॉक्टर पलीकडून मोठ्याने म्हणाले. "त्यांना साखर आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. भाचीने झटकन तबक मागे घेतलं. "अय्या, हो का! मग काकडी आणू, आगा?"

"काकडी काय देतेस," एक म्हातारी आत्या ओरडली, "चहा दे त्यांना, कोरा. अगं हे तेच ना, अब्बासकुलीचे गिरणीतले दोस्त?"

म्हातारे मेहुणे इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तेच! यंत्राचा पट्टा जोडणारे!" ते म्हणाले आणि सरकून आपल्या चादरीवर मला जागा करून दिली.

मी जाऊन बसलो. एवढ्या मयतांत एवढा हलवा खाल्ला, पण मला काय चालतं नि काय नाही, हे कुणाला ठाऊक नव्हतं. डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत. आत्याने स्वतः पेला आणून दिला, बशीत काही नव्हतं.

"आता सांगा," मेहुणे गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "आमचे अब्बासकुली गिरणीत आणखी काय काय करायचे?"

मी चहाचा घोट घेतला आणि सांगायला लागलो.